जाम, पेरू आणि माझी एक जुनी चूक

मित्रहो, हा धागा बराच लांबणार आहे आणि त्याची सुरुवात एका कबुलीने करणे भाग आहे.

गेल्या वर्षी याच मालिकेत मी पेरूवर एक टिपण लिहिले होते. पेरू पोर्तुगीजांनी भारतात आणला ही समजूत चुकीची आहे, अमीर खुस्रोच्या काळी, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकांच्या संधिकाळी, तो दिल्लीत ठाऊक होता, असे मी त्यात ठामपणे म्हटले होते. आधारही भक्कम वाटावा असाच होता. एलियट आणि डाउसन यांनी एकोणिसाव्या शतकात भारताच्या इतिहासाची फारसी साधने आठ खंडांत अनुवादित करून छापली. त्यांतल्या तिसऱ्या खंडात खुस्रोच्या काव्याचा एक उतारा आहे आणि त्यात पेरूसाठी रूढ असलेला इंग्रजी शब्द स्वच्छ छापलेला आहे. खंड सांगितला, पान सांगितले. इतिहासाच्या विद्यार्थिनीने याहून अधिक काय करायचे?

टिपण खूप फिरले. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर ते माझ्याच काकांकडून, माझे नाव गळालेल्या अवस्थेत आणि खाली तीन तिरंगे लावून परत आले. 'आपल्या पूर्वजांकडे सगळे होतेच' अशी ओळही कोणीतरी जोडली होती. ती ओळ माझी नव्हती; पण ती वाचताना मला बरे वाटले होते, हेही सांगून टाकते.

ते टिपण चूक होते. लक्षात आल्यावर मी दुरुस्ती टाकली, ती मूळ टिपण वाचणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी वाचली. गेल्या महिन्यात एका परिचिताने पेरूची ती 'सातशे वर्षांची परंपरा' मलाच मोठ्या उत्साहाने समजावून सांगितली, तेव्हा दोन ओळींच्या दुरुस्तीने भागणार नाही हे कळले.

मुळात पेरूच्याच नादी का लागले, तेही सांगते. माझा जन्म वर्धा जिल्ह्यातला. आमच्याकडे पेरू नव्हताच, जाम होता. काही घरांत जांब म्हणत. आजीच्या अंगणात विहिरीजवळ जामाचे झाड होते, आम्ही जामावर चढायचो, जाम मिठासोबत खायचो. नऊ वर्षांची असताना वडिलांच्या बदलीमुळे आम्ही पुण्यात आलो. पहिल्याच हिवाळ्यात आईने मला कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे पाठवले. मी म्हटले, "अर्धा किलो जाम द्या." त्याने पांढरीफटक, घंटेसारखी, पाणीदार फळे तोलून दिली. कोकणात आणि मुंबई-पुण्याकडे जाम म्हणतात ते हे, हे मला कुठून ठाऊक असणार? मी हट्टाने शेजारच्या हिरव्या ढिगाकडे बोट दाखवले. तो हसला, रांगेतल्या दोन बायकाही हसल्या. शाळेत हा किस्सा मीच सांगितला आणि वर्षभर माझे नाव 'जाम' पडले. कोणी पावाला लावायचा जाम म्हणे, कोणी वाहतुकीचा.

त्यानंतर मी तो शब्द टाकून दिला. इतका, की उन्हाळ्यात गावी गेल्यावर आजीलाही दुरुस्त करू लागले. "आजी, जाम नाही गं, पेरू म्हण."

आजी म्हणाली, "काय वं, तुह्या पुन्यात जामाले पेरू म्हंतेत? कायले? कोन पेरते त्याले? पाखरं पेरते."

तिच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता. माझ्या दृष्टीने तो पंधरा वर्षांनी सुरू झाला.

आता खुस्रोकडे येऊ. माझे टिपण फिरत असताना फारसीचा अभ्यास करणाऱ्या एका वाचकाचा निरोप आला. त्यात एकच प्रश्न होता: मूळ शब्द पाहिलात का? मी पाहिला नव्हता. मला फारसी येत नाही. अनुवादात एका फळाचे नाव आहे म्हणजे मुळातही तेच फळ असणार, असे मी गृहीत धरले होते.

लाज वाटत ग्रंथालयात गेले आणि यूल व बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' काढला. अँग्लो-इंडियन शब्दांचा हा कोश १८८६ सालचा. पेरूची नोंद उघडली आणि घाम फुटला. माझी चूक तिथे, माझ्या जन्माच्या शंभरएक वर्षे आधी, नावानिशी नोंदलेली होती. एलियटच्या खंडातल्या खुस्रोच्या उताऱ्यात हे फळ यावे हे विचित्र आहे, हे फळ आणि त्याचे नाव दोन्ही अमेरिकेतली आहेत, तेव्हा एखाद्या द्व्यर्थी शब्दाचा हा निष्काळजी अनुवाद असला पाहिजे, असे कोशकारांनी त्यात म्हटले आहे. मी ज्याला शोध समजत होते ती एकोणिसाव्या शतकातच खोडून काढलेली चूक होती. (याच नोंदीत कोशकार पेरूला जवळजवळ लबाड फळ ठरवतात आणि कंसात वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांचा शेरा येतो की, तुम्ही कधी चांगले पेरू खाल्लेलेच नाहीत! त्या दिवशी मला हसू आले ते एवढ्याच ठिकाणी.)

असा द्व्यर्थी शब्द कोणता, याचा उलगडा त्याच नोंदीत आहे. तो शब्द अमरूद.

हिंदीत आज अमरूद म्हणजे पेरू, यात कोणाला शंका नाही. पण फारसीत अमरूद म्हणजे नासपती. हा शब्द फार जुना आहे, इस्लामपूर्व इराणच्या पेहलवी भाषेतही तो नासपतीसाठी सापडतो. तुर्की भाषेने तो उचलला, आणि इस्तंबूलच्या बाजारात आजही 'आर्मुत' मागितले तर नासपती मिळते. अमेरिका खंडाची वार्ता युरोपला लागण्यापूर्वी कित्येक शतके हा शब्द सुखाने नांदत होता. त्यामुळे अमरूद हे 'अमृत' या संस्कृत शब्दाचे भ्रष्ट रूप आहे, अशी जी सुबक व्युत्पत्ती अधूनमधून फिरत असते, तीही इथेच निकालात निघते.

'ऐन-ए-अकबरी'तही हाच घोटाळा आहे. अकबराच्या पंक्तीतल्या फळांची यादी अबुल फज्लने सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिली. ब्लॉकमनच्या अनुवादात तीत पेरू दिसतो. पण तो तुराणच्या, म्हणजे मध्य आशियाच्या, फळांमध्ये. तिथल्या कडक हिवाळ्यात पेरूचे झाड कसे तगणार? तिथून उंटांवर लादून येत होती ती नासपती. शब्द जुना, फळ जुने. अनुवादकाच्या कानात मात्र त्याच्या काळातल्या हिंदुस्थानीचा अर्थ बसलेला.

माझी खरी नामुष्की याहून मोठी आहे. तो उतारा मी पुन्हा, या वेळी सावकाश, वाचला. खुस्रो तिथे भारताचा गौरव करतो आहे आणि भारताला नावे ठेवणाऱ्या परदेशस्थांची थट्टा करतो आहे. त्याचा आशय असा, की ज्याच्या घशाखाली आयुष्यभर दोनच फळे उतरली आणि ज्याने केळे कधी चाखले नाही, तो केळ्याची किंमत बोराएवढीच करणार. पुढे खुरासानी माणूस येतो. त्याला विड्याचे पान गवतासारखे वाटते. म्हणजे इथे भारताचे फळ केळे आहे. मी ज्याला भारतीय ठरवायला निघाले होते, ते फळ भारत न पाहिलेल्या माणसाच्या तोंडचे आहे! फारसी येत नव्हती हे मान्य. पण हे समजायला फारसी लागत नव्हती. उतारा अखेरपर्यंत नीट वाचायला हवा होता, आणि मी तो एका शब्दापुरता वाचला होता.

त्या उताऱ्यात नासपतीच्या जोडीला जे दुसरे फळ आहे, त्याला फारसीत बिही म्हणतात. इराण-अफगाणिस्तानकडचे हे फळ पिवळे, लवदार, कच्चे खाल्ले तर तुरट लागणारे, नासपतीच्याच कुळातले. आपल्याकडे ते दिसत नाही, पण त्याचे बी 'बिहीदाणा' या नावाने युनानी औषधांच्या दुकानांत मिळते. हे मी वसतिगृहातल्या माझ्या खोलीमैत्रिणीला सांगत होते. ती रायपूरची. ती मध्येच थांबवून म्हणाली, "पण बिही म्हणजे तर पेरूच."

छत्तीसगडात आणि जबलपूरच्या बाजूला पेरूला बिहीच म्हणतात. म्हणजे खुस्रोने जोडीने घेतलेली ती दोन परदेशी नावे, अमरूद आणि बिही, तीनएक शतकांनंतर आलेल्या एका तिसऱ्याच फळावर जाऊन बसली, एक गंगेच्या खोऱ्यात आणि दुसरे महानदीच्या. ज्यांनी ती दिली त्यांना फारसी दरबारातून नावे ठाऊक होती, फळे मात्र क्वचितच दिसत होती. बाहेरून आलेले, हिरवट-पिवळे, आत बियांचे, सुगंधी असे काहीतरी हाती आले आणि मोकळे पडलेले नाव त्याला लागले. हे अनुमान माझे आहे, पण एकाच्या बाबतीत जे घडले तेच दुसऱ्याच्या बाबतीत घडलेले पाहून ते मला पटते.

आता आपला पेरू.

'पेरू देशातून आला म्हणून पेरू' हे आपण सर्वांनी ऐकले आहे. मीही ऐकले, आणि लहान मुलांना सांगितलेही आहे. सांगायला सोपे, नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. पेरू देशाच्या किनाऱ्यावरील प्राचीन वस्त्यांच्या उत्खननात या फळाचे अवशेष मिळालेले आहेत, त्यामुळे गोष्टीला बळही येते. तरी ती खरी नाही.

पहिली अडचण इतिहासाची. पेरूवर स्पेनचे राज्य होते, आपल्या किनाऱ्यावर आले ते पोर्तुगीज. १४९४ च्या तोर्देसियासच्या तहाने दोघांनी जग वाटून घेतले होते आणि दक्षिण अमेरिकेत पोर्तुगालच्या वाट्याला आला तो ब्राझील. १५०० साली काब्रालचा तांडा ब्राझीलच्या किनाऱ्याला लागून मग कालिकतला पोहोचला. ब्राझील आणि गोवा ही एकाच साम्राज्याची दोन टोके होती. लिमा शहर त्या नकाशात नव्हते. पेरूतल्या लोकांचे या फळाचे नावही वेगळेच. इंकांची भाषा केचुआ, तीत पेरूला 'सावींतु' म्हणत. इंका राजकन्येचा मुलगा आणि इतिहासकार गार्सिलासो याने १६०९ साली छापलेल्या ग्रंथात ते नोंदवले आहे.

दुसरी अडचण भाषेची, आणि मला तीच निर्णायक वाटते. आपल्या किनाऱ्याने खाली उतरत जा. कोकणीत पेरूला 'पेर' म्हणतात. मंगळूरकडे तुळूत 'पेरळे', मलयाळममध्ये 'पेरय्क्का', आणि समुद्र ओलांडून सिंहलीत पुन्हा 'पेर'. मग पूर्व किनाऱ्याने थेट बंगालपर्यंत जा, तिथे 'पेयारा'. देशाच्या नावावरून शब्द आला असता तर एवढ्या भाषांमधून शेवटचा 'ऊ' एकजात कसा गळाला असता? मुळात तो नव्हताच. पोर्तुगीज भाषेत 'पेरा' म्हणजे नासपती. गोवा, केरळ, श्रीलंका, हुगळी: नावांची ही माळ म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या पोर्तुगीज ठाण्यांचीच माळ आहे. मराठीने तेवढा शेवटी 'ऊ' जोडला. लिंबू, काजू, चिकू यांच्या पंक्तीला बसवण्यासाठी जोडला असावा, असा माझा तर्क. आणि गंमत पाहा, पोर्तुगीज भाषेत 'पेरू' हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ टर्की हा पक्षी! आपल्या बाजारात 'पेरू घ्या, पेरू' ही आरोळी ऐकणाऱ्या पोर्तुगीजाच्या डोळ्यांसमोर काय येत असेल?

ही व्युत्पत्ती माझी नव्हे. बार्देशातल्या आसगावात जन्मलेले सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर १९१३ साली ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी हे सर्व मांडले आहे. एकट्या माणसाने पन्नासएक भाषांमधून शब्द वेचून काढले. मराठी माध्यमात शिकलेल्या मला त्यांचे नाव पदव्युत्तर वर्गात येईपर्यंत कोणी सांगितले नव्हते, याचे वाईट वाटते.

पण मला स्वतःला या व्युत्पत्तीची खात्री पटली ती कोशाने नव्हे, एका मिठाईने. गोव्यात नाताळात पेरूच्या गराची घट्ट, लालसर वडी करतात. तिचे नाव पेराद. पोर्तुगालमध्ये बिहीला 'मार्मेलो' म्हणतात आणि तिच्या गराच्या वडीला 'मार्मेलादा'. इंग्रजांचे मार्मलेड त्यातूनच निघाले. त्याच न्यायाने नासपतीच्या गराची ती 'पेरादा'. ब्राझीलमध्ये पोर्तुगीजांनी पेरूचे तिथले नाव 'गोयाबा' स्वीकारले, म्हणून तिथली पेरूची वडी 'गोयाबादा' झाली. एकच साम्राज्य, एकच भाषा, एकच फळ, जवळजवळ एकच पाककृती. आणि गोव्यात तिचे नाव नासपतीची वडी! गोव्याच्या स्वयंपाकघरांत पेरूला नासपती म्हणत होते, याला आणखी कोणता पुरावा हवा?

१५६३ साली गार्सिया द ओर्ता याने गोव्यातच भारतातल्या औषधी आणि फळांवर आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला, त्यात पेरूचा उल्लेख नाही, याकडेही 'हॉब्सन-जॉब्सन' लक्ष वेधतो. आंब्यापासून फणसापर्यंत सर्वांची विचारपूस करणारा हा वैद्य दारातले फळ विसरला असता असे वाटत नाही. म्हणजे खुस्रोचे शतक सोडाच, १५६३ पर्यंतही पेरू गोव्यात सर्रास झालेला नव्हता, असा याचा अर्थ मी घेते.

फारसीतून आलेला अमरूद म्हणजे नासपती. पोर्तुगीजांतून आलेला पेरू म्हणजेही नासपती. उत्तरेकडून घोड्यावर बसून आलेल्यांनी आणि पश्चिमेकडून गलबतात बसून आलेल्यांनी एकमेकांना न विचारता एकाच फळाला एकच चुकीचे नाव दिले. युरोपातले विद्वानही मागे राहिले नाहीत. लिनियसने अठराव्या शतकात पेरूच्या दोन जाती कल्पिल्या: एक सफरचंदासारख्या फळांची, दुसरी नासपतीसारख्या फळांची. घरचे फळ डोळ्यांवरून हटतच नव्हते.

मग ज्यांच्या घरचेच ते फळ होते, ते काय म्हणत? मेक्सिकोत अॅझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत पेरूला 'शाल्शोकोत्ल' असे नाव होते. 'शाल्ली' म्हणजे वाळू, 'शोकोत्ल' म्हणजे आंबट फळ. वाळूचे आंबट फळ! पिकलेल्या पेरूच्या बिया दाताखाली आल्या की जे वाटते, तेच नाव. हे नाव ठेवणाऱ्याला नासपती आठवण्याचे कारणच नव्हते.

आणि कॅरिबियन बेटांवर 'ग्वायाबा'. स्पॅनिश, पोर्तुगीज, इंग्रजी अशा युरोपीय भाषांतली पेरूची नावे याच शब्दातून निघाली. हा शब्द ताइनो लोकांचा. कोलंबसने १४९० च्या दशकात रामोन पाने या साधूला हिस्पानिओला बेटावर ताइनोंची भाषा आणि श्रद्धा समजून घेण्याच्या कामी लावले. त्याने लिहून ठेवलेला छोटासा वृत्तान्त हे अमेरिकेत एखाद्या युरोपीयाने तिथल्या लोकांविषयी लिहिलेले पहिले टिपण मानले जाते. त्यात मृतांच्या देशाचे वर्णन आहे. कोआयबाय हे त्या देशाचे नाव, त्याच्या अधिपतीच्या नावातच ग्वायाबा हा शब्द आहे. मृत दिवसा लपून राहतात, रात्री बाहेर पडतात आणि पेरू खातात. ते जिवंतांसारखेच दिसतात, म्हणून अंधारात शेजारी आलेल्याच्या पोटावर हात फिरवून पाहायचे. बेंबी लागली नाही तर तो मृत.

हे वाचल्यानंतर काही दिवस मला पेरू खाववला नाही. भीतीने नव्हे. ते लिहिले गेल्यावर अर्ध्या शतकाच्या आत सक्तीची मजुरी, उपासमार आणि देवीची साथ यांनी ताइनो समाज जवळजवळ नाहीसा झाला. उरले ते शब्द. त्यांतला एक आपल्या प्रत्येक घरात आहे, हे मला तेव्हा कळले: बटाटा. रताळ्याचे ताइनो नाव 'बटाटा', ते पोर्तुगीजांनी उचलले, पुढे वेगळ्याच कंदाला चिकटवले आणि आपल्यापर्यंत आणले. ग्वायाबा मात्र भारतात पोहोचताना वाटेतच गळाला. अननस आणि काजू यांनी ब्राझीलच्या तुपी भाषेतली नावे थोड्याफार फरकाने टिकवली. पेरूचेच नाव का टिकले नाही? अननसाला आणि काजूला युरोपात जोड नव्हती, पेरूला नासपती भेटली, हे एक उत्तर मला सुचते. अगदीच अनोळखी असणे काही वेळा नावाच्या पथ्यावर पडते.

याच मालिकेत कोणीतरी मागे विचारले होते की, मग सीताफळ-रामफळाचे काय? तीही दोन्ही अमेरिकेतलीच. पण त्यांची कथा वेगळी आणि लांब आहे, ती इथे नको.

आता जाम.

हा शब्द मी गावंढळ समजून टाकून दिला होता. 'हॉब्सन-जॉब्सन'च्या त्या नोंदीत तो भेटला तेव्हा ओळखीचे माणूस परगावी भेटावे तसे झाले. दख्खन, गुजरात आणि मध्य प्रांत इथे या फळाला जाम म्हणतात, असे तिथे लिहिले आहे. आमचा वर्धा जिल्हा त्या काळी मध्य प्रांतातच होता. तेलुगूत पेरू म्हणजे 'जाम पंडू', गुजरातीत 'जामफळ'. गोव्याहून निघालेला पेरू घाट चढून देशावर पसरला, पण वऱ्हाड-नागपूरपर्यंत पोहोचायला त्याला छापील पाठ्यपुस्तकांची वाट पाहावी लागली असावी. तोवर तिथे आतल्या मुलखाने आपले नाव ठेवून दिले होते.

हे नाव येते 'जंबू'वरून, म्हणजे जांभळावरून. पुराणांनी आपल्या भूमीला जंबुद्वीप म्हटले ते ज्या वृक्षामुळे, त्याच वृक्षाचे नाव विदर्भ-तेलंगणातल्या लोकांनी समुद्रापलीकडून आलेल्या या झाडाला दिले. म्हणजे त्यांनीही घरचेच फळ आठवले, पोर्तुगीजांसारखे. पण एक फरक आहे. नासपती गुलाबाच्या कुळातली, तिचे आणि पेरूचे काही नाते नाही. जांभूळ आणि पेरू मात्र खरोखरच एका कुळातले आहेत. वनस्पतिशास्त्रात त्या कुळाला मिर्टेसी म्हणतात. लवंग, निलगिरी आणि फळवाल्याने मला दिलेला तो पांढरा जामही त्यातलाच. फारसी कवी, पोर्तुगीज खलाशी आणि स्वीडनचा महापंडित यांच्यापैकी कोणालाही जे साधले नाही, ते शेतात राबणाऱ्या, नाव-गाव न उरलेल्या माणसांना साधले होते. ते त्यांना पानांवरून कळले की सालीवरून, की शुद्ध योगायोग होता? इथे मी पुन्हा ठामपणे काही लिहिणार नाही. एकदा पोळले आहे.

तरी गेल्या रविवारी आजीला फोन केला. ती आता ब्याऐंशी वर्षांची आहे, कानांनी कमी ऐकते, त्यामुळे हे सर्व मला ओरडून सांगावे लागले. पोर्तुगीज आणि फारसी तिने सोडून दिले. जांभूळ आणि जाम एका घरचे आहेत, एवढे मात्र दोनदा सांगायला लावले.

"म्हंजे मी बराबरच म्हनत होती," ती म्हणाली.

"हो आजी. तूच बरोबर होतीस. मी उगाच तुला पेरू म्हणायला लावत होते."

"एवढी पुस्तकं कायले वाचली वं? जांभळाचं पान चुरगळ, जामाचं पान चुरगळ, अन् वास घेऊन पाह्य. अन् बुड पाह्य दोघायचं. दोघायच्या बुडाले गोल कडं असते."

मी तिला सांगितले की पुण्यात जे मोठे पेरू मिळतात त्यांना लखनौ-४९ म्हणतात, आणि नाव लखनौचे असले तरी ती जात निवडून काढली पुण्यातच, गणेशखिंडच्या बागेत, १९२७ च्या सुमारास. यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मला वाटले, ऐकू गेले नसावे.

"ते नको आनू," ती म्हणाली. "पानचट लागते. इथलाच जाम पिकला हाय, तू ये."